सात हजार तासांत मावणारं जग

एका वर्षात ८,७६० तास असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना किमान १,००० तास शिकवलं गेलं पाहिजे अशी अट आहे. बेरीज करून पाहा. पाच वर्षांचे ४,०००, पुढच्या तीन वर्षांचे ३,०००, एकूण ७,०००. सहाव्या वर्षी शाळेत आलेलं मूल चौदाव्या वर्षी आठवी संपवून बाहेर पडतं. या आठ वर्षांत कायद्याने त्याच्या पदरात टाकलेला शिकण्याचा किमान वेळ एका वर्षाच्या तासांइतकाही भरत नाही.

आणि एवढ्या तासांत काय काय बसवायचं? अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी, दशांश अपूर्णांक, शिवाजी महाराज, संविधान, रक्ताभिसरण, ग्रहणं, नकाशावाचन, इंग्रजी स्पेलिंग, कवायत, चित्रकला. माणसाने हजारो वर्षांत जमवलेल्या ज्ञानातून एवढंच उचलायचं, ते कोणत्या वयात द्यायचं ते ठरवायचं, कसं द्यायचं ते ठरवायचं आणि पोचलं की नाही हेही पाहायचं. या सगळ्या ठरवण्याला मिळून अभ्यासक्रम म्हणतात. कोणत्या इयत्तेला कोणते घटक ही यादी म्हणजे पाठ्यक्रम, तो त्याचा एक भाग. दप्तरातलं पुस्तक हा आणखी छोटा भाग. आपण पालक मात्र पुस्तकालाच अभ्यासक्रम समजतो, त्यामुळे खरी थक्क करणारी गोष्ट नजरेआड राहते.

बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारखं गाव डोळ्यांसमोर आणू. बारामती-नीरा रस्त्यावरचं हे बागायती गाव. दक्षिणेला नीरा नदी, पलीकडे सातारा जिल्हा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, शिवारात ऊस, जवळच सोमेश्वर कारखाना. इथल्या शेतकऱ्याच्या घरातलं सहा-सात वर्षांचं पोर शाळेत येतं तेव्हा रिकामं येत नाही. आवर्तन सुटलं की घरात कशी धांदल उडते, रात्री दारं धरायला कोण जातं, लागण आणि खोडवा यांत काय फरक, वाफसा आल्याशिवाय रानात पाय का घालायचा नाही, हे त्याने ऐकलेलं असतं, पाहिलेलं असतं. मग शाळेने त्याला काय द्यायचं? रानात आपसूक मिळणार नाही ते द्यायचं, आणि रानात मिळालेल्याचा पाया म्हणून उपयोग करायचा. बोलायला सोपं आहे. ठरवायला बसलं की पहिल्याच विषयावर दोन माणसांची तोंडं दोन दिशांना होतात.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली एका छोट्या पुस्तकात या ठरवण्याचे चार प्रश्न मांडले. शाळेला काय साधायचं आहे? त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे? त्या अनुभवांची रचना कशी करायची? आणि साधलं हे कळणार कसं? उद्दिष्टं, आशय व अध्ययन अनुभव, रचना आणि मूल्यमापन हे अभ्यासक्रमाचे घटक बी.एड.चे विद्यार्थी आजही पाठ करतात. पण मला जास्त नवल वाटतं ते टायलर यांच्याही ६७ वर्षं आधी पुण्यात लिहिल्या गेलेल्या एका निवेदनाचं.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपलं म्हणणं लेखी मांडलं. गावच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे त्यात जवळपास एका वाक्यात आलं आहे. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख असावी, शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं आणि नीती व आरोग्य यांवर काही धडे असावेत. शेतीच्या धड्यांसाठी शाळेला नमुन्याचं लहानसं शेत जोडावं. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी धरायला त्यांनी कचरू नये. चालू पुस्तकं व्यवहाराच्या कामाची नाहीत, ती पुन्हा लिहावीत. तपासणी वर्षातून एकदा न होता वरचेवर व्हावी, मधून कळवल्याशिवायही व्हावी.

हे सगळं एकत्र वाचा. कशासाठी शिकवायचं, काय शिकवायचं, कशाच्या आधाराने, कोणी, आणि तपासायचं कसं. एकही घटक सुटलेला नाही. लिहिणाऱ्याने स्वतः शाळा चालवल्या होत्या, हे ओळीओळीतून जाणवतं. तो काळही लक्षात घ्या. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळून निघाला होता. नीरा खोऱ्यात भाटघरचं धरण आणि डावा कालवा यांचं काम चालू होतं, कालव्याला पाणी यायला अजून दोन-तीन वर्षं होती. जिरायत जमिनीवर पाणी येऊ घातलेल्या भागात गावच्या शाळेत शेती शिकवा, असं सांगणारा माणूस किती पुढचं पाहत होता!

त्या यादीतली मोडी आज शाळेत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती वर्गातून गेली. जुनी दप्तरं वाचणारे अभ्यासक आणि हौशी मंडळी ती शिकतात. तशीच औटकी गेली. आजीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ असायची. औट म्हणजे साडेतीन. सात औट साडेचोवीस, असं ते चालायचं. आज हे पाठांतराचं वेड वाटेल, पण त्यामागे चोख कारण होतं. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, मापंही शेर, पायली, मण अशी होती. व्यवहारच पाव, अर्धा, पाऊण यांत चालायचा. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि पंतोजींच्या काळापासून चालत आलेलं ते सारं गणित बघता बघता निकामी झालं. मोकळ्या झालेल्या जागेत दशांश चिन्ह ऐसपैस बसलं. नाणं बदललं आणि मुलांच्या डोक्यातलं पाठांतर बदललं. अभ्यासक्रमात काहीच कायमचं नसतं, हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला तरी माहीत नाही.

क्रमाची गंमत याहूनही खोल आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची एक वेगळी रीत आली. एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन. गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला, थट्टाही भरपूर झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारणं सांगितली. ती समजून घेण्यासाठी दुसरीतल्या मुलाच्या शेजारी बसा आणि त्याला ‘त्रेपन्न’ लिहायला सांगा. कानावर आधी येतं ‘त्रे’, म्हणजे तीन. हात आधी तीन लिहितो, मग पाच. पाटीवर येतात ३५. मुलाचं चुकलं म्हणावं तर त्याने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. एकोणतीसमध्ये तर पुढच्या तिसातून एक वजा करावा लागतो. म्हणजे वजाबाकी शिकायच्या आधीच वजाबाकी.

त्यातच दुसरी अडचण. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याण्णव हे शब्द जोडाक्षरांनी भरलेले आहेत. भाषेच्या तासाला मूल जोडाक्षरांशी अजून नीट ओळख करून घेत असतं, आणि त्याच सुमारास गणिताच्या तासाला ‘त्र्याण्णव’ अक्षरी लिहायचं असतं. दोन विषयांची पावलं एकमेकांत अडकतात. नवी रीत कोणाला आवडो न आवडो, त्या निमित्ताने एक गोष्ट उघड झाली. अभ्यासक्रम बांधणाऱ्याला प्रत्येक विषयाची शिडी उभी लावावी लागते आणि त्याच वेळी शेजारच्या शिडीवर मूल नेमकं कितव्या पायरीवर आहे हेही पाहावं लागतं. भूगोलात नकाशाचं प्रमाण आलं तेव्हा गणितात गुणोत्तर झालं आहे का? विज्ञानात आलेख आला तेव्हा तो काढायला कोणी शिकवलं आहे का? अशा शेकडो गाठी न दिसता मारलेल्या असतात. त्या नीट बसल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक हा माझ्या मते महाराष्ट्राच्या शालेय व्यवस्थेतला एक सुंदर निर्णय आहे. बाकीची पुस्तकं राज्यभर एक, पण हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं. पुणे जिल्ह्यातल्या मुलाला त्यात पुणे जिल्ह्याचा नकाशा मिळतो, गडचिरोलीच्या मुलाला गडचिरोलीचा. घर, शाळा, गाव, तालुका करत मूल जिल्ह्यापर्यंत येतं, मग राज्य, मग देश, मग जग. मुलाचं जग जसं रुंदावतं तसं पुस्तक रुंदावत जातं. १९६० साली जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने याच धर्तीचा विचार मांडला होता. कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला त्याच्या वयाला पेलेल अशा प्रामाणिक रूपात शिकवता येतो, आणि तोच विषय पुढे पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक खोलवर भेटला पाहिजे.

कोऱ्हाळ्याच्या मुलासाठी पाण्याचा माग काढून पाहा. लहान वर्गांत पाणी कुठून येतं, कशाला लागतं, एवढंच. पुढे बाष्पीभवन, सांद्रीभवन, जलचक्र. मग सह्याद्रीवरचा पाऊस आणि पर्जन्यछायेचा प्रदेश. घाटात धो धो पडणारा पाऊस बारामतीपर्यंत येता येता का आटतो, याचं उत्तर इथे मिळतं. नंतर केशाकर्षण आणि क्षार. जास्त पाणी दिलेल्या उसाच्या रानात जमिनीवर पांढरी का फुटते, हे ज्याला शाळेत कळलं त्याला घरच्या रानात त्याचा अर्थ लागला. पाणी तेच. पाच-सहा वळणांवर भेटलेलं, दर वेळी नवं काही सांगणारं. त्यातलं एखादं वळण मुलाच्या आयुष्यातून गळलं तर पुढचं वळण कोरडंच जातं.

आणि वळणं गळतात. अभ्यासक्रम दिल्ली-पुण्याहून निघतो आणि मुलापर्यंत पोचतो त्या वाटेला कालव्याची उपमा या भागात कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. वर धरण, मग मुख्य कालवा, वितरिका, चारी आणि शेवटी सरी. राष्ट्रीय आराखडा, राज्याचा आराखडा, बालभारतीचं पुस्तक, शिक्षकांचं नियोजन आणि शेवटी मूल. धरणातून सोडलेलं पाणी आणि टेलच्या शेतकऱ्याच्या सरीत पडलेलं पाणी यांत किती अंतर असतं ते इंदापूरच्या शेवटच्या गावांना विचारा. तसाच लिहिलेला अभ्यासक्रम वेगळा, वर्गात शिकवलेला वेगळा आणि मुलाच्या डोक्यात उतरलेला वेगळा. ‘पोर्शन पूर्ण झाला’ हे वाक्य मधल्या टप्प्याबद्दल आहे. शेवटच्या टप्प्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

टेलला कोण आहे? दिवाळीच्या आगेमागे सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं. फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि आईबापांसोबत मुलंही येतात. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती इथे असतात. नेमका हा काळ शाळेच्या दुसऱ्या सत्राचा. गावाकडच्या वर्गात भागाकार सुरू झालेला असतो आणि हे मूल इथे कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं असतं. परत जातं तेव्हा वर्ग अपूर्णांकात पोचलेला. राज्यभर एकच पुस्तक असण्याची खरी किंमत इथे कळते. बीडच्या मुलाने जो धडा अर्धवट सोडला तोच धडा, त्याच चित्रांसह, कोऱ्हाळ्याच्या शाळेत उघडलेला असतो. त्याला फक्त त्या बाकावर आणून बसवायचं असतं. त्यासाठी साखरशाळा झाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहं झाली, मूल कुठवर शिकलं आहे हे सोबत नेणारं शिक्षण हमी कार्ड आलं, कोप्यांवर जाऊन शिकवणारी माणसं या भागातही उभी राहिली. तरीही ही मुलं सुटतात. सात हजार तासांचा हिशेब एका जागी राहणाऱ्या मुलाला धरून मांडलेला आहे, आणि ज्याचं अर्धं वर्ष रस्त्यावर जातं त्याच्या वाट्याला किती तास येतात हे मनात मोजलं तरी अस्वस्थ व्हायला होतं.

मूल्यमापनाचं काम खरं तर हेच आहे, सरीत पाणी आलं का ते पाहणं. २०१० नंतर महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. रोजच्या कामातून होणारं आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारं संकलित, असे त्याचे दोन भाग. नोंदवह्या भरताना शिक्षकांचा जीव मेटाकुटीला आला हे खरं आहे, पण त्यामागची कल्पना मोलाची होती. शेवटी किती गुण पडले यापेक्षा मूल आज कुठे अडलं ते आजच पाहा. २००५ पासून ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाची पाहणी करते. तिची चाचणी बघा किती साधी आहे. घरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला द्यायचा आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगायचं. बस. शाळेची इमारत, गणवेश, प्रगतिपुस्तक सगळं बाजूला ठेवून फक्त मुलाशी बोलायचं. पाचवीतलं मूल तो उतारा वाचताना अडखळलं की वरच्या चार टप्प्यांतली गळती तिथेच दिसते.

एक भाग कुठल्याच पुस्तकात छापलेला नसतो. अमेरिकेत फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली त्याला छुपा अभ्यासक्रम म्हटलं. रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, कोण पुढे बसतं, वर्ग कोण झाडतं, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर यांचं नाव दाखल झालं. त्या शाळकरी वयात त्यांना इतर मुलांपासून वेगळं, गोणपाटावर बसावं लागलं. तेव्हाही वर्गात इतिहास, भूगोल, गणितच शिकवलं जात होतं. वेळापत्रकात ‘भेदभाव’ असा तास नव्हता, पण तो रोज शिकवला जात होता आणि अख्खा वर्ग तो शिकत होता. आज नीरेच्या दोन्ही काठांवरच्या शाळांत मुलं एका सतरंजीवर बसून एकाच पातेल्यातली खिचडी खातात तेव्हा तिथेही धडा चालू असतो. माझ्या दृष्टीने तो गणिताइतकाच अभ्यासक्रम आहे.

फुल्यांच्या नमुना शेताचं काय झालं? ते पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण, ही नई तालीमची कल्पना मांडली. १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्याच पाबळला शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, कोंबडीपालन अशी कामं करत आणि गावाला त्यांचा उपयोग होई. लोखंडी सांगाडा जोडताना काटकोन चुकला तर दार बसत नाही. भूमिती समजली की नाही हे दारच सांगतं. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने याला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाच्या रूपात मान्यता दिली. उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत हा विषय असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. अडचण एकच, तास कुठून आणायचे?

सगळं फिरून या तासांपाशी येतं. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात मोठा वाद पेटला आणि जूनअखेर सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्या वादात अस्मिता होती, राजकारण होतं, मुलांवरच्या ओझ्याची काळजीही होती. मला त्यातला सर्वांत कळीचा प्रश्न वेळेचा वाटला. सहा वर्षांच्या मुलाच्या ८०० तासांत नवं काही आणायचं तर कोणाचे तास कमी करणार? मराठीचे, गणिताचे, की खेळाचे? या प्रश्नाचं उत्तर आधी मिळालं पाहिजे. रोबोटिक्स आणा, आर्थिक साक्षरता आणा, भगवद्गीता आणा, वाहतुकीचे नियम आणा, लैंगिक शिक्षण आणा. दर महिन्याला कोणीतरी काहीतरी शाळेत आणायला सांगतं आणि प्रत्येकाची तळमळ खरी असते. काय काढायचं हे मात्र कोणी सांगत नाही. १९५७ साली नाण्याने औटकी काढून दिली. एरवी ते काम माणसांनाच करावं लागतं.

ही माणसं कोण, हे कोणालाही पाहता येतं. घरातल्या मुलाचं बालभारतीचं पुस्तक घ्या. सुरुवातीच्या पानांवर अध्ययन निष्पत्तींची यादी असते. त्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यायला हवं, हे तिथे साध्या वाक्यांत लिहिलेलं असतं. त्यातलं एक वाक्य निवडा आणि मुलाला ते येतं का, त्याच्याशी गप्पा मारत पाहा. मग पान उलटा. तिथे विषय समितीतल्या सदस्यांची नावं छापलेली असतात. शिक्षक, प्राध्यापक, लेखक, चित्रकार. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणती संख्या आधी आणायची, यावर वाद घालत या मंडळींनी तुमच्या मुलाचे तास वाटून दिले आहेत. बहुतेक घरांत ते पान वाचलंच जात नाही.